मराठीत बोललं तं चालते का?

नागपूरला लागून, पण हिंदी राज्यात असलेल्या सौंसरच्या आमच्या लहानशा रेडिओ केंद्रावर मला चार रविवार मिळाले होते. दुपारी चार ते पाच, मराठीत गप्पा. एक पाहुणा बोलवायचा, त्याच्याशी राजकारण, कला, पुस्तकं, विज्ञान अशा कशावरही बोलायचं आणि ऐकणाऱ्यांचे फोन घ्यायचे. केंद्राच्या प्रमुख मॅडम जबलपूरच्या. बाकीचे सगळे कार्यक्रम हिंदीत होते. त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं की या भागात घरोघरी मराठी बोलतात हे त्यांना मान्य आहे, पण चारचौघांत सगळे हिंदीच बोलतात. लोक फोन करून मराठीत बोलले तर हा तास राहील, नाहीतर चौथ्या रविवारनंतर त्या वेळेला गाणी लागतील. त्यांचं यात काही चुकत नव्हतं. माझा जीव मात्र त्या एका तासात अडकला होता.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईबाबा रामाकोन्याजवळ दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यांत कामाला जात. बाबा चौथी शिकलेले, पण पाणी देताना त्यांचा रेडिओ झाडाच्या फांदीला टांगलेला असायचा, आणि नागपूरहून येणाऱ्या मराठी चर्चा ते मन लावून ऐकायचे. ग्रहांवर बोलणारे शास्त्रज्ञ, नाटकावर बोलणारे जाणकार, निवडणुकीवर बोलणारे पत्रकार, त्यांना सगळे सारखेच प्रिय. न समजलेला शब्द ते दिवसभर तोंडात घोळवत घरी आणायचे आणि मला विचारायचे. सापेक्ष म्हणजे काय? उपरोध म्हणजे काय? मला कुठे येत होतं. मी तो शब्द दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन जायचो आणि संध्याकाळी त्याचा अर्थ घरी आणायचो. आमच्या गुरुजींनी एकदाही विचारलं नाही की सहावीतल्या पोराला हा शब्द कशाला पाहिजे. माहीत असलं तर सांगायचे, नसलं तर शब्दकोश काढून माझ्यासमोर शोधायचे. शब्दकोश पाहायचा कसा हे मी असं शिकलो. त्या उपकारांची आठवण मला पुढे प्रत्येक परीक्षेत झाली.

कॉलेज मात्र हिंदीतून झालं. त्यामुळे आमची गत अशी की आमची मराठी नागपूरच्या लोकांना गावठी वाटते आणि आमची हिंदी जबलपूरच्या लोकांना मराठी वाटते. दोन्हीकडे आम्ही बोलताना जरा खालच्या आवाजात बोलतो.

पहिल्या रविवारी मी पांढुर्ण्याकडचे खडी गंमत हे लोकनाट्य करणारे एक म्हातारे कलावंत बोलावले. ते सुरेख बोलले, ढोलकीशिवाय नुसत्या तोंडाने ताल धरून दाखवला. फोन मात्र शेवटच्या पाच मिनिटांत आला, एकच.

"नमस्कार. हम तिगाव से बोल रहे हैं. आपका कार्यक्रम बहुत अच्छा चालू है."

आवाज बाबांचा होता. मागून आई दबक्या आवाजात म्हणत होती, "अवो, मराठीत बोला ना." तेही सगळं प्रसारित होत होतं. मी म्हणालो, "धन्यवाद काकाजी," आणि फोन ठेवला.

घरी गेलो तर बाबा रागावून बसले होते. "मले काकाजी काहून म्हणला?"

"मंग काय म्हणू? तुमी तिगावचे होते ना."

आई पदराआड हसत होती. बाबांचं म्हणणं असं की मुलाच्या कार्यक्रमाला बापानेच फोन केला हे लोकांना कळलं तर काय अब्रू राहील, म्हणून तिगाव. आणि हिंदी कशाला? यावर त्यांनी कोपऱ्यातला रेडिओ जवळ ओढला. मग म्हणाले, "रेडिओवर आपल्यासारखं बोलते का कोणी? इतकी वर्षं ऐकून राहिलो. करून राहिलो, जाऊन राहिलो असं कोणीच म्हणत नाही तिथं."

हे खरं होतं. ज्या रेडिओने बाबांना इतके शब्द दिले, त्यानेच त्यांना हेही शिकवलं होतं की त्यांचे स्वतःचे शब्द तिथे चालत नाहीत.

दुसऱ्या रविवारी राजकारण. पांढुर्ण्याचे एक वकील आले. पांढुर्णा नवा जिल्हा झाला त्यानं काय बदललं, यावरून गप्पा संविधानावर गेल्या. आमच्या घरी संविधानाची प्रत निळ्या कापडात बांधून ठेवलेली असते, म्हणून त्या दिवशी मला जास्तच जोर चढला होता. बोलण्याच्या भरात मी तीन-चार वेळा म्हणालो, संविधानात संशोधन झालं, संविधानात संशोधन करता येतं. फोन एकही आला नाही. संध्याकाळी केंद्राच्या मोबाइलवर हाताने लिहिलेल्या एका कागदाचा फोटो आला. पांढुर्ण्याच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, मराठीत संशोधन म्हणजे नवा शोध घेणं; मराठीत घटनादुरुस्ती म्हणावं; मराठी कार्यक्रम करणाऱ्याने शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ पाहावा.

शब्दकोश पाहायला शिकून मोठा झालेल्या माणसाला हे कसं लागलं असेल ते सांगत नाही. मॅडमनी कागद वाचायला लावला आणि मराठी नीट येते ना, एवढंच विचारलं.

म्हणून तिसऱ्या रविवारी मी सगळं लिहून नेलं. साहित्यावरच्या गप्पा होत्या, सौंसरचे एक ग्रंथपाल पाहुणे होते. मी प्रश्न वाचून विचारले, त्यांच्या उत्तरांवरची वाहवासुद्धा वाचून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. ग्रंथपाल बिचारे माझ्या कागदाकडे पाहून आपली उत्तरं आखूड करत गेले. एका तरुणाचा फोन आला, त्याने हिंदीत एका गाण्याची फर्माईश केली. निघताना मॅडम म्हणाल्या, गाण्यांची मागणी तर आहे.

चौथ्या रविवारी विषय विज्ञानाचा होता. जानेवारी संपत आला होता आणि बोर्डाच्या परीक्षा तोंडावर होत्या. नागपूरहून मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई आल्या, परीक्षेच्या ताणावर बोलायला. हाताशी लिहिलेले कागद, प्रश्नांना क्रमांक घातलेले. शिवाय मॅडमनी सांगून ठेवलेलं एक वाक्य वर लाल शाईने लिहिलं होतं. विषय सोडून फोन आला तर म्हणायचं: आपण संपर्क केलात, आभार, आता पुढच्या प्रश्नाकडे वळू.

बाई छान समजावून सांगत होत्या. ताणात शरीरात काय होतं, झोप का उडते, पाठ केलेलं ऐन वेळी का आठवत नाही. पालकांनी मुलांना ताण देऊ नये, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. अर्धा तास होऊन गेला, फोनचा दिवा बंदच. काचेपलीकडे मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या. चार पस्तीसला दिवा लागला.

"हॅलो," एका बाईचा आवाज आला. मागे पाखरांचा कलकलाट होता. "मराठीत बोललं तं चालते का?"

माझ्या कागदावर याचंही उत्तर तयार होतं: अवश्य, आपलं स्वागत आहे. तोंडातून आलं, "चालते."

"मंग सांगते. मी जामसांवलीच्या रस्त्यावरच्या आमच्या बगीच्यातून बोलून राहिली. बाई म्हणून राहिल्या का लेकराले ताण देऊ नका. मले हे काही पटलं नाही. ताण देल्ला नाही तं बहार येईन कसा?"

प्राध्यापक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बहार म्हणजे, ताई?"

"राहू द्या बाई," पलीकडचा आवाज बारीक झाला. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं त्या बाईंना वाटलं असावं.

आमच्याकडे ताण म्हणजे वेगळी गोष्ट. संत्र्याचा बहार धरायचा असला की थंडीत झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानलेलं राहतं, नवी पानं फुटायची थांबतात, सारी ताकद आत साठते. मग पाणी सोडलं की पांढरा फुलोरा येतो. याला झाड ताणावर सोडणं म्हणतात. सौंसर-पांढुर्ण्याच्या कुठल्याही माणसाला जानेवारीत ताण हा शब्द ऐकवला तर त्याच्या डोळ्यांसमोर मूल येत नाही, झाड येतं. आणि मी, रामाकोन्याच्या बगीच्यांत वाढलेला माणूस, गेला अर्धा तास हा शब्द पुस्तकातल्या अर्थाने वाचून दाखवत होतो.

बोट फोन बंद करायच्या बटणावर होतं. लाल शाईचं वाक्य समोर होतं. शब्दाचा अर्थ पाहावा, हे पांढुर्ण्याच्या निवृत्त शिक्षकांचं अक्षरही डोळ्यांसमोर होतं. पण अर्थ तर या वेळी मला माहीत होता. शाळेत जायच्या आधी बाबा मला झाडाखाली उभं करून पानं दाखवायचे. मी कागद पालथे केले.

"मावशी," मी म्हणालो, "तुमची जमीन भारी का हलकी?"

"भारी. काळी हाय."

"मंग किती दिवस ठेवता ताणावर?"

"दीड महिना. पण दिवस मोजून नाही होत बापा ते. पान पाहा लागते." आता आवाज मोकळा झाला होता. "दुपारी कोणतंही झाड मान टाकते. त्याले भ्यायचं नाही. सकाळी पान ताठ झालं तं झाडात दम आहे, राहू द्यायचं. सकाळीबी मान टाकून असंन तं त्याच दिवशी पाणी सोडायचं. नाही तं फूल राहिलं बाजूले, फांदी वाळते. अन् शेजाऱ्यानं दीड महिना ठेवलं म्हणून आपण ठेवायचं नाही. त्याची जमीन येगळी, आपली येगळी."

प्राध्यापक बाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. त्यांनी माईक जवळ ओढला आणि विचारलं, घरी कोणी परीक्षेला बसलंय का?

बसलं होतं. मुलगी बारावीला होती. आईने अभिमानाने सगळं सांगितलं. दिवाळीपासून मुलीचा मोबाइल काढून घेतला होता. मैत्रिणींकडे जाणं बंद, चुलत बहिणीच्या लग्नाला नेलं नव्हतं, पहाटे चारला उठवणं चालू होतं. एकदा बारावी झाली की बहार येईल, ही त्यांची पक्की खात्री होती.

"ताई," प्राध्यापक बाईंनी विचारलं, "ती सकाळी उठते, तेव्हा कशी दिसते?"

रेडिओवर शांतता फार मोठी वाटते. तीन सेकंद झाले की काचेपलीकडून मॅडमचा हात वर होतो, तसा तो झालाही. मी मान हलवून नाही म्हटलं. पाखरं ऐकू येत होती.

"सकाळीबी तशीच राहते," बाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "मान टाकूनच उठते ते."

मग त्यांनीच ठरवलं. "मंग आज पाणी सोडते मी."

"पह्यलं पाणी हलकं द्या मावशी," मी म्हणालो.

"तू मले शिकवून राहिला का?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "एकदम भरपूर देल्लं तं फूल गळते. माहीत हाय मले. आज फक्त मोबाइल देते अन् झोपू देते. लग्नाचं मंग पाहू."

प्राध्यापक बाई मनापासून हसल्या. म्हणाल्या की जे त्या अर्धा तास समजावत होत्या ते तुम्ही पानावर दाखवून दिलंत. वर्गात आता हेच सांगेन, तुमचा दाखला देऊन. यावर मावशींनी विचारलं, "मंग तुमी पह्यलेच असं काहून नाही सांगितलं?"

त्यांचा फोन ठेवला आणि केंद्राच्या दोन्ही फोनचे दिवे एकदम लागले.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. एका आजोबांनी फोन करून वाद घातला की सगळी लेकरं आंबिया बहाराची नसतात, काही मिरगाची असतात. म्हणजे काहींना हिवाळ्याच्या ताणानंतर फूल येतं आणि काहींना पावसाळ्यात आपोआप, मग त्यांना जानेवारीत ताण देऊन काय उपयोग? प्राध्यापक बाई हे वहीत लिहून घेऊ लागल्या. एका दहावीच्या मुलाने नाव न सांगता विनंती केली की रेडिओवरून त्याच्या घरच्यांना कळवावं की जमीन हलकी आहे, ताण लवकर तोडा. पांढुर्ण्याच्या एका दुकानदाराला हा प्रयोग पुढाऱ्यांवर करायचा होता. निवडून आल्यावर त्यांचं पाणी कोण तोडणार, एवढाच त्याचा प्रश्न होता. एका बाईंनी जात्यावरच्या ओव्यांतून ताणाची एक ओळ म्हणून दाखवली. राजकारण, कला, साहित्य, विज्ञान, जे मी चार रविवारांत वेगवेगळं वाटून ठेवलं होतं, ते सगळं एकाच शब्दाला धरून आत येत होतं. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, बोलून राहिलो, ऐकून राहिलो, सांगून राहिली असंच बोलत होता. मीही.

पाच वाजले. पुढे हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता. मी निरोपाचं वाक्य शोधत कागद सरळ करू लागलो, तेव्हा मॅडमनी काचेवर एक पान टेकवलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: चालू रखो. साडेपाच तक. त्याखाली लहान अक्षरात: अगले रविवार भी.

मी ते पान प्राध्यापक बाईंना दाखवलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसत नव्हता. पुढच्या फोनला हॅलो म्हणताना माझा आवाज चांगलाच कापत होता. आजही कोणी ते ध्वनिमुद्रण लावलं की मला ते जाणवतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

त्या आठवड्यात पांढुर्ण्याच्या निवृत्त गुरुजींचा दुसरा कागद आला. त्यांनी लिहिलं होतं की ताण हा शब्द त्यांनी आयुष्यभर शिकवला, पण अर्धाच. उरलेला अर्धा रविवारी कळला. खाली सूचना होतीच, की केंद्राच्या संदेशात 'मावशींनी' लिहिताना अनुस्वार विसरू नये. मी त्यांना पुढच्या महिन्यात पाहुणे म्हणून बोलावलं. विषय ठेवला संशोधन, दोन्ही अर्थांनी. ते सव्वा तास बोलले आणि फोन आवरेनात. मावशींचाही परत फोन आला. मुलगी परीक्षेला गेली होती, आणि रोज सकाळी पान पाहणं चालू आहे असं त्यांनी सांगितलं. निकालाचं मी विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

पण चौथ्या रविवारचा शेवटचा फोन सांगायचा राहिला. साडेपाचला दोन मिनिटं कमी होती.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, जरा मोठा, उभं राहून बोलल्यासारखा. "मी रामाकोन्याहून बोलून राहिलो." मग बाबांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट. बगीच्यात काम करतो म्हणाले. मावशींचं बरोबर आहे, पण पानाबरोबर झाडाखालची माती पण मुठीत घेऊन पाहावी, असं त्यांनी सुचवलं. इतकी वर्षं चर्चा ऐकणाऱ्या माणसाने शेवटी एका चर्चेत आपला मुद्दा मांडला होता. तो मुद्दा योग्य आहे, असं प्राध्यापक बाईंनी सांगितलं.

"अजून एक," बाबा म्हणाले. "तो पह्यल्या रविवारी तिगावहून हिंदीत बोलला होता ना एक जण, तो मीच होतो. ते माफ करा."

मागे आई या वेळी दबक्या आवाजात बोलत नव्हती, चांगली मोठ्याने हसत होती.

"माफ केलं बाबा," मी म्हणालो.